चार वाजताचा कप

विलो बेंच, सानपीट खोरं, युटा
११ जानेवारी १९९९

चि. मर्लीन हिस,
लारूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल नाताळानंतर मिळालं. डबा एका कोपऱ्यात चेपलाय, पण चहा सांडलेला नाही. पोस्टातल्या बाईने तो माझ्यासमोर ठेवला आणि बहिणीने मसाले पाठवले वाटतं, असं म्हणाली. मी हो म्हणाले. डब्यावर मळ्याचं चित्र आहे. तो मळा कशाचा हे इथे कोणाला ओळखता येत नाही, हे बरं आहे.

बर्फ गुडघ्याएवढं पडलंय आणि माझा गुडघा त्याच्या आधी दोन दिवस दुखायला लागतो. ड्वेनच्या मेंढ्या ठीक आहेत. तुझा मेहुणाही ठीक आहे. मेंढ्यांची चौकशी आधी केली म्हणून तो रागावत नाही, उलट खूश होतो.

आता मोठी बातमी. केरिलिनचं ठरलं. मुलाचं नाव ट्रेंट. ती चिलीहून धर्मप्रचाराची मुदत संपवून सप्टेंबरात घरी आली आणि नोव्हेंबरात तिला हा भेटला. तुला घाई वाटेल, पण इथे याला घाई म्हणत नाहीत, हे तू विसरली नसशील. घराणं बाउंटिफुलचं, वडील चर्चमध्ये वरच्या हुद्द्यावर. मुलगा इतका सज्जन आहे की तो घरात आला की मी ताठ बसते. लग्न अठरा जूनला, आपल्या चर्चच्या टेकडीवरच्या मंदिरात. माझं झालं त्याच खोलीत.

आणि इथेच घोडं पेंड खातंय. मंदिराचा माझा परवाना संपून वर्ष झालं. बाबा गेल्यानंतर मी नवा काढलाच नाही. गुडघ्याचं निमित्त सांगत राहिले. परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, मुलीच्या आईलाही नाही. तो हवा तर आधी बिशपसमोर बसायचं, मग त्याच्या वरच्या माणसासमोर, आणि दोघांनाही त्याच प्रश्नांची तीच उत्तरं द्यायची. विश्वास आहे ना. कमाईचा दहावा भाग देता ना. व्यवहारात सचोटी आहे ना. आणि खाण्यापिण्याचा नियम पाळता ना, म्हणजे दारू, तंबाखू, कॉफी, चहा यांना शिवत नाही ना.

मर्लीन, मी चहा पिते.

तुला वाटत असेल की तुझे डबे मी बाबांची आठवण म्हणून फळीवर ठेवते. तसं नाही. डॉक्टरांनी त्यांची कॉफी बंद केली आणि तू चहा पाठवायला लागलीस, तेव्हापासून रोज चार वाजता मी त्यांना एक कप करून द्यायची आणि समोर रिकाम्या हाताने बसायची. ते फारसं बोलायचे नाहीत. कप संपेपर्यंत आम्ही दोघं खिडकीतून रस्ता बघायचो. त्यांना पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता हाताने आपोआप किटली ठेवली. कप भरला. ओतून टाकायचं जिवावर आलं, म्हणून प्यायले. तेव्हापासून रोज. एकच कप, त्यांच्यासारखा बिनसाखरेचा.

चार वाजत आले की ड्वेन मेंढ्या बघायला जातो. ती मेंढ्या बघायची वेळ नव्हे. तो येईपर्यंत मी कप धुऊन ठेवलेला असतो. आम्ही याबद्दल कधी बोललेलो नाही.

तू लग्नाला येशील का? नॉर्दिनला विचार. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. माझा लोभ तुझ्यावर आहेच, तुझा माझ्यावर असाच राहू दे.

तुझी,
लारूताई


बाचोक, क्लांतान, मलेशिया
६ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
मर्लीनचा सलाम आणि नमस्कार. (तुला चालेल तो ठेव, उरलेला ड्वेनला दे.) वि. वि.

रमजान संपला, ईद झाली, पाहुणे गेले. मेकने या वयात सबंध महिना रोजे धरले आणि नको म्हणणाऱ्या डॉक्टरला तू अजून लहान आहेस म्हणून गप्प केलं. तुला पत्रात सासूबाई लिहायची सवय आहे, पण त्यांना इथे सगळं गाव मेकच म्हणतं, मीही.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले. रागावू नकोस. एका कपावरून! इथे पहाटेची नमाज आटोपली की माणसं मशिदीतून थेट चहाच्या टपरीवर जातात. आमचे इमाम दोन कप घेतात, तेही दाट गोड दुधाचे. तू इथे असतीस तर संतीण ठरली असतीस. फक्त तुझा कुत्रा फाटकाबाहेर राहिला असता.

मेकला मी सगळं समजावून सांगितलं. तुमचा उपास महिन्यातून एका रविवारचा, आमचा वर्षातून एक महिन्याचा. तुमचे पवित्र कपडे आत, कोणालाही न दिसणारे. आमचा टुडुंग डोक्यावर, सगळ्यांना दिसणारा. दारू दोन्हीकडे नाही. मोठ्यांपुढे उलटून बोलायचं दोन्हीकडे नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, तुझी बहीण तर आपल्यातलीच आहे, फक्त तिचा देव जरा लाजाळू दिसतो. मग तिने विचारलं, की आईला मुलीच्या लग्नात का येऊ देत नाहीत. इथे लग्नाला शेजारच्या गावची कोंबडीसुद्धा येते.

पण खरं सांगायचं तर माझं लग्न आठवलं आणि हसू थांबलं. तू आली नव्हतीस. (टोमणा नाही, नुसती नोंद.) लोगनच्या विद्यापीठात नॉर्दिनच्या खोलीवर सगळे विद्यार्थी जमले होते, कोंबडीच्या रश्शाचा वास जिन्यापर्यंत. बाबा पहिल्या रांगेत, बूट काढून, एका मोज्याला भोक. त्यांना मानाने बसवलं. पण मुलगी देणारा म्हणून त्यांना उभं राहता येईना, कारण ते मुसलमान नव्हते. त्यांच्या जागी एक इजिप्तचा माणूस उभा राहिला, जो तिथे पाटबंधारे शिकत होता. आणि कागदावर मी ऑर्व्हल मिकल्सनची मुलगी राहिले नाही. मरियम, अब्दुल्लाची मुलगी झाले. इथे या धर्मात नव्याने आलेल्या सगळ्याच अब्दुल्लाच्या.

तुझ्या लग्नात बाबांचं नाव लागलं, पण त्यांना आत बसू दिलं नाही. माझ्या लग्नात बसू दिलं, पण नाव लागलं नाही. दोन मुली, आणि एकाही लग्नात ते पुरते हजर नव्हते.

म्हणून सांगते, हो म्हणून टाक. बिशप विचारेल, नियम पाळतेस ना? हो. संपलं. एक शब्द आहे, ताई. मी एकोणीस वर्षं असे शब्द बोलते आहे, कोणी मेलं नाही.

मला येता येणार नाही. मेकला एकटं सोडता येत नाही. आणि आले तरी मी मंदिराबाहेरच्या त्या दगडी भिंतीवरच बसणार. ती भिंत माझ्या ओळखीची आहे. चौदा वर्षांची असताना तुझ्या लग्नात मी बाबांबरोबर तिच्यावर बसले होते.

केरिलिनला मावशीचे आशीर्वाद. लोभ ठेव, मी लांब आहे म्हणून त्यात काटकसर करू नकोस.

तुझी,
मर्लीन


विलो बेंच
२४ फेब्रुवारी १९९९

चि. मर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासूबाईंना सांग, आमचा देव लाजाळू नाही, आमची माणसं लाजाळू आहेत. ड्वेनला सलाम दिला. त्याने तो कुठे ठेवायचा असं विचारलं.

बिशप आता कोण आहे ते तुला सांगायचं राहिलं. गार्थ ऑल्सन. तुझ्या वर्गातला, चर्चच्या नाचात तुझ्या पायावर पाय देणारा. आता त्याचा टर्कींचा मोठा व्यवसाय आहे, दोन हजार पक्षी, आणि अंगाला सतत त्यांचा वास. बिशपपणाचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे तो आधी पक्ष्यांना दाणा घालतो आणि मग आम्हाला उपदेश. दोन्ही सारख्याच मायेने.

तो मला रविवारी दारात भेटला. म्हणाला, लारू, केरिलिनचं कळलं, परवान्याला कधी येतेस? मी गुडघा दाखवला. तो म्हणाला, गुडघ्याबद्दल प्रश्न नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ये, मला घाई असते, मी सगळे प्रश्न एका दमात विचारतो, तू एका दमात उत्तरं दे. मग टोपी घालून गेला. त्याला काही माहीत आहे असं नाही. पण त्याला काही माहीत करून घ्यायचंही नाही, असं मला वाटलं. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

केरिलिनला यातलं काही सांगितलेलं नाही. परवा झग्याची लेस शिवताना ती सहज म्हणाली, की ट्रेंटच्या बाजूचे तीस जण आत असतील, तिला तेवढे नकोत, तिला फक्त मी समोर दिसले पाहिजे. मी सुई पडली म्हणून वाकले.

एक रस्ता होता. आधी कोर्टात लग्न लावायचं, तिथे कोणीही येऊ शकतं. पण तसं केलं तर मंदिराच्या लग्नासाठी वर्षभर थांबावं लागतं. ट्रेंटच्या आईपुढे नुसता विषय काढला तर ती म्हणाली, कोर्टात लग्न केलं की लोक महिने मोजायला लागतात. तिच्या तोंडाला लागणं माझ्याने होणार नाही. तेव्हा तू म्हणतेस तेच करते. हो म्हणते.

मी आजवर खोटं बोलले नाही असं नाही. पण समोर बसून, हाताची घडी घालून, देवाच्या नावाने विचारलेल्या प्रश्नाला, असं नाही बोलले. चार वाजलेत. ड्वेन मेंढ्या बघायला गेला.

लोभात कमी करणार नाही. तूही करू नकोस.

तुझी,
लारूताई


बाचोक
१५ मार्च १९९९

ती. ताईस,
मर्लीनचा सलाम आणि नमस्कार. वि. वि.

गार्थ ऑल्सन बिशप! त्याला सांग, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी ओळखपत्र बदलायला गेले होते. जुनं धुण्यात गेलं. काउंटरवरचा तरुण फार गोड मुलगा होता. मला आंटी म्हणाला, खुर्ची दिली. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी विचारलं, की वडिलांच्या नावाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव लावता येईल का. धर्म तोच राहू दे, फक्त नाव. तो घाबरला नाही, रागावला नाही. आतून एका मोठ्या माणसाला घेऊन आला. तोही गोड. म्हणाला, आंटी, अब्दुल्ला म्हणजे देवाचा सेवक. याहून चांगला बाप कोणाला मिळतो? आणि मग अगदी हळू विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना, मनात दुसरं काही नाही ना. मी घाईघाईने नाही म्हणाले. त्याने मला चहा मागवला. मी तो प्यायले आणि अब्दुल्लाची मुलगी म्हणून घरी आले.

हसू नकोस, मला यातून एक गोष्ट कळली. तुम्हाला दरवर्षी विचारतात, विश्वास आहे ना? आम्हाला कोणी विचारत नाही. आणि विचारतच नाहीत म्हणजे नाही म्हणायची सोयही नाही. तू नाही म्हणालीस तर तुला बाहेर काढतील, पण बाहेर म्हणजे हिरवळ आहे, भिंत आहे, खाली गाव आहे. इथे बाहेर असं काही नाही. माझा संसार, मुलं, मेक, कबरीची जागा, सगळं आतच. मी दुःखी आहे असं समजू नकोस. पहाटेची नमाज मला खरंच आवडते, ती कोणी सांगितली नसती तरी मी केली असती. पण सांगितली नसती तर केली असती का, हे मला आता कधीच कळणार नाही.

दोन्हीकडे माणसं चांगली आहेत, ताई. वाईट असती तर भांडता आलं असतं.

तुझं हो मला आता तेवढं सोपं वाटत नाही. तू तसली नाहीस. तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात आणि गार्थला ते शाळेपासून माहीत आहे. मेक म्हणते, गोष्ट अडली की स्वतः जाऊ नये, मधला माणूस पाठवावा, त्याने आधी इकडचं तिकडचं गोड बोलावं. इथे लग्नं, भांडणं, जमिनी, सगळं असंच सुटतं. मी काहीतरी करीन. काय ते आत्ता सांगत नाही.

माया असू दे.

तुझी,
मर्लीन


विलो बेंच
७ एप्रिल १९९९

मर्लीन,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, पण सवयीने तो लिहिला असं समज.

काल गार्थ आला. हातात गोठवलेली टर्की, मोठी, बारा माणसांना पुरेल अशी. असा पक्षी आमच्याकडे कोणी मेलं की आणतात. मी विचारलं, कोण गेलं? तो म्हणाला, कोणी नाही. मर्लीनचा फोन आला होता.

तो टर्कींच्या शेडमध्ये होता म्हणे, उजाडायचं होतं, आणि त्याच्या बायकोने पळत जाऊन मलेशियाचा फोन असं सांगितलं. तू त्याच्या मुलांची चौकशी केलीस, पक्ष्यांची केलीस, नखाचा विषय काढून त्याला हसवलंस. मग म्हणालीस, की लारू रोज एक कप चहा पिते, तो आमच्या बाबांसाठी आहे, त्याला पाप धरू नकोस, तिला आत जाऊ दे.

त्याला माहीत नव्हतं, मर्लीन. त्याला चहाचं माहीतच नव्हतं. तो माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, मी भरभर विचारणार होतो, तू भरभर हो म्हणणार होतीस, बाकीचं देव बघून घेणार होता. आता मला ठाऊक आहे. ठाऊक असून सही केली तर खोटं माझं होतं.

मग त्याने काय करता येईल ते सांगितलं. चहा आजपासून बंद. मेच्या शेवटी त्याच्याकडे जायचं आणि सांगायचं, की चुकलं, आणि मनापासून सांगायचं. मग तो सही करेल, वरचाही करेल, आणि अठरा जूनला मी आत असेन. तो म्हणाला, बघ, अजून वेळ आहे, हा किती चांगला योग आहे. तो खरंच तसं समजतो.

आम्ही सगळ्यांनी मिळून ही गोष्ट न बोलता धरून ठेवली होती. ड्वेन मेंढ्यांकडे जाऊन, गार्थ घाईत राहून, मी गुडघा दाखवून. तू सहा मिनिटांत ती बोलून टाकलीस. तिकडे मधला माणूस गोष्टी सोडवत असेल. इथे त्याला कबुलीजबाब म्हणतात.

टर्की मी शिजवलेली नाही.

लारू


बाचोक
२३ एप्रिल १९९९

ती. ताईस,
मर्लीनचा सलाम, नमस्कार आणि कान धरून दंडवत.

मी काय करून बसले ते तुझ्या पत्राच्या पहिल्याच ओळीत कळलं. इथे मी एकोणीस वर्षं जपून बोलते. काय विचारायचं नाही, कोणाला काय कळू द्यायचं नाही, हे मला मेकपेक्षा चांगलं जमतं. मग गार्थचा आवाज ऐकला, आपल्या खोऱ्यातला तो नाकातला आवाज, आणि वाटलं, हा आपला माणूस, याच्याशी सरळ बोलता येईल. घरच्यांशी बोलताना सावध राहायचं असतं हे मी विसरले. मेकला सांगितलं तर ती म्हणाली, मधल्या माणसाने गोड बोलायचं असतं, खरं नाही.

माफी मागून काही होणार नाही. पण तुला एक गोष्ट सांगायला हवी. तू चहा सोडशील हे मला ठाऊक आहे. दुसरी अट तुला जमणार नाही असं वाटतं, म्हणून लिहिते.

बाबा तुझ्या लग्नाला बाहेर बसले, कारण त्यांना मुलीपेक्षा कॉफी प्यारी होती, असं आई सगळ्यांना सांगायची. तूही तेच मानतेस. ताई, त्यांनी कॉफी सोडली होती. तुझ्या लग्नाआधी कित्येक आठवडे. (पुन्हा धरली ती लग्नानंतर.) त्या दिवशी भिंतीवर मी त्यांना विचारलं, की मग तुम्हाला का येऊ दिलं नाही. ते म्हणाले, सोड म्हणाले, सोडली. वाईट वाटून घे म्हणाले, ते काही येईना. त्यांचा बाप बर्फात मेंढ्या राखायचा आणि कॉफीवर जगायचा. वाईट वाटलं म्हणायचं म्हणजे त्या बापाचं चुकलं म्हणायचं, असं त्यांना वाटलं. मला म्हणाले, लारूला सांगू नकोस. मी एका शब्दासाठी बाहेर बसलो हे तिला समजणार नाही. कॉफीसाठी बसलो हे समजेल, रागावेल आणि विसरेल.

मग दार उघडलं, तू पायऱ्यांवर आलीस आणि त्यांनी टोपी काढली. तू फोटोवाल्याकडे बघत होतीस.

आता तुला काय करायचं ते कर. लोभ मागायचा मला हक्क नाही, तरी मागते.

तुझी,
मर्लीन


विलो बेंच
१६ मे १९९९

चि. मर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

टर्की शिजवली. आठवडाभर खाल्ली. ड्वेन म्हणतो, पुढच्या वेळी बहिणीला कोकरं पाळणाऱ्या बिशपला फोन करायला सांग.

चहा बंद आहे. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. अवघड वेगळंच आहे. चार वाजता ड्वेनला आता मेंढ्यांकडे जायचं कारण उरलेलं नाही. तो घरातच बसतो. आम्ही दोघं टेबलाशी बसतो आणि बोलायला काही नसतं. काल तो म्हणाला, लारू, मी बाहेर जाऊन येऊ का, तुला पाहिजे तर. मी नको म्हणाले. तो तरी गेला. मी रिकाम्या किटलीकडे बघत बसले. आमच्यात एवढं प्रेम आहे हे मला ठाऊक नव्हतं.

बाबांचं वाचलं. दोनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्यावर ज्या गोष्टीसाठी रागावले ती घडलीच नव्हती. ते माझ्या घरी दोन वर्षं राहिले. रोज त्यांच्यासमोर बसले. त्यांनी सांगितलं नाही.

मला चुकलं म्हणता येत नाही. मी आरशासमोर म्हणून पाहिलं. कान लाल झाले. दोन वर्षं म्हाताऱ्या बापाला चहा करून दिला, ते चूक? त्याच्यानंतर तो कप रिकामा राहू दिला नाही, ते चूक? मी गार्थला म्हणाले, मी सोडलाय, आयुष्यभर सोडीन, लिहून देते. तो म्हणाला, देवाला सवय नको आहे, मन हवं आहे.

पण दुसरी बाजूही ऐक. तू भिंतीवर होतीस, तू बाबांना पाहिलंस. मी आत होते. मी काय पाहिलं ते मला कोणी विचारलं नाही. आईशेजारी एक रिकामी खुर्ची होती. कोणी ती हलवली नव्हती. ड्वेनचा हात माझ्या हातात होता, म्हातारा पुरोहित बोलत होता, आणि मी त्या खुर्चीकडे बघत होते. माझ्या लग्नाची मला आठवते ती एवढीच गोष्ट.

बाबांचा शब्द खरा होता. पण ती खुर्ची माझ्या वाट्याला आली.

गार्थने तीस मे दिलीय. काय करणार ते मला माहीत नाही. केरिलिनला आता कळलंय. ती ओरडली नाही. रोज माझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करते, दार उघडं ठेवून, मला ऐकू जाईल अशी. तिला वाटतं ती मला मदत करते आहे.

लोभ आहे. तो मोजायची वेळ नाही.

तुझी,
लारूताई


विलो बेंच
२० जून १९९९

चि. मर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लग्न झालं. हवा छान होती. केरिलिन फार सुंदर दिसली.

मी आत होते.

तीस तारखेला गार्थसमोर बसले. त्याने सगळे प्रश्न सावकाश विचारले, एकाही प्रश्नाला घाई केली नाही. मी म्हणाले, चुकलं. त्याने विचारलं, मनापासून? मी हो म्हणाले. कान लाल झाले असणार. त्याने ते पाहिले असणार. तरी त्याने सही केली. पुढच्या आठवड्यात वरच्या माणसासमोर तेच पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा सोपं गेलं. याची मला जास्त भीती वाटली.

ती खोली तू कधी पाहिली नाहीस म्हणून सांगते. दोन भिंतींवर समोरासमोर आरसे आहेत. मुलगा आणि मुलगी मधे गुडघे टेकतात आणि आरशात त्यांच्यामागे तीच दोघं, त्यांच्यामागे पुन्हा तीच, लांबपर्यंत, संपत नाहीत. अनंतकाळ असा दिसतो, असं समजावतात. आईची जागा अशी असते की तीही त्यात दिसते. मी केरिलिनकडे बघायचं ठरवलं होतं. तिने मान वर केली, मला शोधलं, मी सापडले, आणि ती हसली. ते हसू मला मिळालं, मर्लीन. माझ्या खुर्चीत मी होते. यासाठी आले होते.

मग नजर आरशात गेली. तिथे मी ओळीने बसले होते, एकीमागे एक, पांढऱ्या कपड्यांत, लहान लहान होत गेलेली. त्या सगळ्याजणी चुकलं म्हणून आत आल्या होत्या. शेवटची दिसत नव्हती.

बाहेर आल्यावर सगळे फोटोसाठी पायऱ्यांवर थांबले. मी खाली भिंतीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. ट्रेंटच्या घरातले सगळे आत होते, आमच्याकडचे सगळे आत होते. पहिल्यांदाच आपल्या घरचं कोणी बाहेर नव्हतं. ड्वेनने माझा हात धरला आणि विचारलं, की मला काय दिसलं. मी काही नाही म्हणाले. ते खरं होतं.

परवाना वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील. त्यानंतर केरिलिनला मूल होईल, मग त्याचं काहीतरी असेल, आणि मी समोर दिसले पाहिजे. मी आता आत आहे. तू म्हणालीस, तिथे बाहेर असं काही नाही. इथे होतं. मी ते वापरलं नाही.

यापुढे चहा पाठवू नकोस. घरात एक डबा उरलाय, न उघडलेला. तो फेकवत नाही आणि कोणाला देता येत नाही. फळीवर मागे ठेवलाय.

लोभ असावा. या वेळी मला त्याची गरज जास्त आहे.

तुझी,
लारूताई


बाचोक
९ जुलै १९९९

ती. ताईस,
मर्लीनचा सलाम आणि नमस्कार. वि. वि.

केरिलिनचा फोटो मेकने भिंतीवर लावला, मक्केच्या चित्राखाली. म्हणाली, मुलीच्या बाह्या पूर्ण आहेत, चालेल.

तू बाबांसारखी बाहेर बसली नाहीस म्हणून मला वाईट वाटेल असं तुला वाटत असेल. नाही वाटलं. त्यांनी शब्द राखला आणि तुला रिकामी खुर्ची दिली. तू खुर्ची राखलीस. दोन्ही एकदम राखता येतील अशी जागा तिथेही नाही, इथेही नाही. मी पृथ्वीच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, म्हणून सांगते.

डबा असू दे फळीवर. मी नवा पाठवत नाही. पण एक हिशेब मला आता सुचला. तुझे दुपारचे चार वाजतात तेव्हा इथे पहाट असते, नुकती नमाज झालेली. नॉर्दिन मशिदीत, मेक जपमाळेवर. त्या वेळी मी आता एक कप करते. बिनसाखरेचा. नॉर्दिनने पहिल्या दिवशी विचारलं, साखर संपली का? मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने साखर आणली. तिसऱ्या दिवसापासून तो मशिदीतून थोडा उशिरा येतो. ती टपरीवर बसायची वेळ आहे, पण त्याला टपरी आवडत नाही.

तेव्हा तुझा कप रिकामा नाही. तू चार वाजता टेबलाशी नुसती बैस. ड्वेनला जवळ बसू दे.

पिऊन झाला की मी बाबांसाठी दोन शब्द मागते. त्यांच्या खऱ्या नावाने. ते आमच्या धर्मात नव्हते. अशा मेलेल्या माणसासाठी मागणं चालतं की नाही, हे मी इमामांना विचारलेलं नाही. फार चांगला माणूस आहे. विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

लोभ आहे. त्याबद्दल कोणी विचारलं नाही तर बरं.

तुझी,
मर्लीन